वळिवड्याच्या छावणीतील युद्धसमाप्ती

दुसरे महायुद्ध केव्हा संपले, या प्रश्नाला शाळेच्या पुस्तकात सरळ उत्तर असते. युरोपात ८ मे १९४५ रोजी, आणि जपानने शरणागतीच्या कागदावर सही केली त्या २ सप्टेंबर १९४५ रोजी सर्व जगात. घरोघरची तारीख मात्र निराळी असते. ज्या घरचा माणूस परत आला, त्या घरी तो उंबरठा ओलांडून आत आला त्या दिवशी युद्ध संपले. ज्या घरचा आला नाही, तेथे ते पत्र येईपर्यंत संपले नाही. आणि पत्रही आले नाही तर कोणता दिवस धरावा हे कोणालाच सांगता येत नाही. ही दुसरी तारीख सरकारी दप्तरात मिळत नाही. मिळालीच तर एखाद्या आजीच्या वहीत, आत्याने जपलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात, नाही तर बापाने लिहून ठेवलेल्या आणि पुढे मुलाने छापून काढलेल्या टिपणांत मिळते.

आपल्या खानदेशात अशी वही शोधू जाता हाती फारसे लागत नाही. त्या सहा वर्षांची खानदेशची आठवण म्हणजे बेचाळीसची आठवण. युद्धविरोधी प्रचार केला म्हणून १९४० च्या ऑक्टोबरात पकडलेले तरुण मधु लिमये सुमारे वर्षभर धुळ्याच्या तुरुंगात होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ भूमिगत क्रांतिकारकांनी लुटला. (योगायोग असा की त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे दारूगोळा आणि कापसाच्या गाठी यांनी भरलेले जहाज स्फोटाने फुटले आणि शेकडो माणसे प्राणास मुकली.) या घटनांनी जिल्ह्याची स्मृती व्यापून टाकली, आणि ते योग्यच झाले. पण त्याच काळात लष्करी पोशाख चढवून परदेशी गेलेल्या माणसांना त्या स्मृतीत जागा उरली नाही. युद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्याची संख्या सुमारे पंचवीस लाख होती आणि त्यांतले सुमारे ८७ हजार परत आले नाहीत. परक्या सरकारच्या पगारावर लढलेला म्हणून गावाने त्याचे पोवाडे गायिले नाहीत, आणि सरकार बदलल्यावर त्याची चौकशी करणारेही कोणी राहिले नाही.

भुसावळ हे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेचे मोठे जंक्शन. मुंबई बंदरातून पूर्वेकडे, कलकत्त्याच्या दिशेने जाणारे सैन्य आणि सामान याच वाटेने जाई. आमच्या घरातले एक वडीलधारे त्या काळी या मार्गावर गाड्यांबरोबर असत. गाडीत कोण होते, कुठे चालले होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पण त्यांच्या मागे एक वही तर सोडाच, एक पोस्टकार्डही राहिले नाही. बहुतेक घरांची हीच कथा आहे. सैनिकाचे पत्र घरी येई ते लष्करी सेन्सॉरच्या हाताखालून. सेन्सॉर त्यांतले निवडक उतारे काढून वरिष्ठांसाठी पंधरवड्याचा अहवाल तयार करी. त्या अहवालांच्या प्रती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे आईने डब्यात जपलेले पत्र वाळवीने खाल्ले, आणि परक्या अधिकाऱ्याने संशयाने उतरवून घेतलेल्या ओळी तेवढ्या टिकल्या!

युद्धाचे घरगुती टिपण ज्यांनी जिवापाड जपले, असे लोक मात्र त्याच वर्षांत आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी राहत होते. ते होते पोलंडचे, आणि बहुतांशी आपल्याच कॅथलिक ख्रिस्तसभेचे. त्यांची हकीकत आपल्या धर्मग्रामांतून फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने सांगतो.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला हे सर्वांना ठाऊक आहे. १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून सैन्य घुसवले, हे तितकेसे ठाऊक नसते. ल्वूव, विल्नो ही शहरे आणि त्यांच्या आसपासची खेडी रशियाच्या ताब्यात गेली. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री हद्दपारीची पहिली मोठी लाट आली. कडाक्याच्या थंडीत दारावर थाप पडे, बांधाबांध करायला तासभरही मिळे ना मिळे, आणि मग सारे कुटुंब गुरांच्या डब्यात बसवून उत्तर रशियाकडे आणि सायबेरियाकडे रवाना होई. १३ एप्रिलला दुसरी लाट आली. त्या वेळी ज्यांचे कर्ते पुरुष आधीच पकडले गेले होते अशांच्या बायका-मुलांना आणि म्हाताऱ्या आईबापांना कझाकस्तानच्या माळावर नेऊन सोडले. आणखी दोन लाटा पुढे आल्या. सोव्हिएत कागदपत्रांनुसार या चार लाटांत तीन लाखांहून अधिक माणसे हलवली गेली. पोलिश लोकांनी त्या काळी धरलेला आकडा याच्या कित्येक पट मोठा होता.

एप्रिलच्या लाटेतील स्त्रियांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे. त्यांतल्या अनेकींचे पती पोलिश सैन्यातील वा पोलिसांतील अधिकारी होते आणि ते रशियातील कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क, ओस्ताश्कोव येथील कैदी छावण्यांत होते. तेथून पत्रे येत. १९४० च्या वसंतात ती एकाएकी बंद झाली.

२२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावरच चाल केली आणि कालचा शत्रू मित्रांच्या गोटात आला. लंडनमध्ये असलेल्या पोलिश सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी ३० जुलैला सोव्हिएत सरकारशी करार केला. कैदेतील पोलिश लोकांना ‘माफी’ मिळाली आणि जनरल आंडर्स यांना तुरुंगातून काढून पोलिश सैन्य उभारण्यास सांगण्यात आले. गुन्हाच केला नव्हता तर माफी कशाची, असा प्रश्न त्यांच्या आठवणींत वारंवार येतो. आणि तो रास्त आहे. मुक्त झालेली माणसे सैन्याच्या मागोमाग दक्षिणेकडे, उझबेकिस्तानच्या दिशेने निघाली. वाटेत उपासमार आणि टायफस यांनी जेवढी माणसे नेली, तेवढी कदाचित हद्दपारीनेही नेली नसतील. अनेक आयांनी आपली मुले पोलिश अनाथालयांच्या स्वाधीन केली. मुलांना टाकून देण्याची ती रीत नव्हती. अनाथालय आधी देशाबाहेर जाईल आणि तेथे निदान भाकरी मिळेल, एवढाच त्यामागे हिशेब होता. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्र ओलांडून सैनिक व नागरिक मिळून एक लाख पंधरा हजारांच्या आसपास माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. सैनिक पुढे इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त असे करीत इटलीच्या रणभूमीवर गेले. स्त्रिया, मुले आणि वृद्ध मागे राहिले. त्यांना ठेवावयाचे कुठे?

पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड यांच्याबरोबर भारतानेही दार उघडले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे अनाथ मुलांसाठी छावणी उभारली. ती तयार होईपर्यंत पहिली तुकडी मुंबईत वांद्रे येथे राहिली. तिची देखभाल मुंबईतील पोलिश कॉन्सल जनरल बानासिन्स्की यांच्या पत्नी किरा यांनी केली. जामसाहेबांनी मुलांना आपल्याला ‘बापू’ मानण्यास सांगितले, ही आठवण त्यांतल्या अनेकांनी म्हातारपणापर्यंत सांगितली. पण कुटुंबांसाठी मोठी वस्ती हवी होती, आणि ती कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या खोऱ्यात वळिवडे येथे झाली. १९४३ च्या उन्हाळ्यापासून इराण आणि कराची मार्गे माणसे येऊ लागली आणि थोड्याच काळात वस्ती पाच हजारांच्या घरात गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुलेच होती.

बराकींच्या लांबच लांब ओळी, बांबूच्या चटयांच्या भिंती, वर कौले, आणि प्रत्येक कुटुंबाला दोन लहानशा खोल्या व ओटा, असे या वस्तीचे रूप होते. चटईच्या भिंतीपलीकडचा खोकलाही इकडे ऐकू येई. बालाचडीप्रमाणे येथे एकत्र भोजन नव्हते. दरमहा भत्ता मिळे आणि ज्याने त्याने शेगडी पेटवून आपली चूल मांडावयाची. खर्च लंडनच्या पोलिश सरकारकडून येई. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, दवाखाना, अनाथालय, पोस्ट, नाटकगृह, सहकारी दुकान, बालवीरांची पथके आणि चर्च, असे एक गावच तेथे उभे राहिले. मुंबईहून त्यांचे पोलिश भाषेतील नियतकालिक निघे. आजारी मुलांना पाचगणीच्या हवेला पाठवीत. आसपासच्या खेड्यांतले भाजीवाले, दूधवाले, शिंपी लवकरच पोलिश बोलू लागले आणि किमती पोलिश आकड्यांत सांगू लागले. पोलिश मुलेही बाजारापुरते मराठी शिकली. पावसाळ्यात छपराखाली सापडणारे साप आणि विंचू यांच्या कथा छावणीतल्या प्रत्येकापाशी होत्या. सायबेरियातून आलेल्या माणसाला उन्हाचे कौतुक किती वाटले असेल, हे आपल्यासारख्या जळगावच्या मे महिन्यात भाजून निघालेल्यांना समजणे जरा कठीणच!

वळिवड्याच्या चर्चमध्ये पोलंडातील सारे धार्मिक वर्ष यथासांग पाळले जाई. ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक निघे. पोलिश रिवाजाप्रमाणे मे महिन्यात रोज सायंकाळी पवित्र मरियेच्या स्तुतीची प्रार्थना होई. पण पोलिश घराचा खरा सण म्हणजे नाताळची पूर्वसंध्या. आकाशात पहिली तारा दिसेपर्यंत जेवणाला हात लावायचा नाही. मेजावरच्या पांढऱ्या वस्त्राखाली थोडे गवत पसरायचे, बाळ येशूच्या गव्हाणीची आठवण म्हणून. जेवणापूर्वी पातळ पापुद्र्यासारखी अभिमंत्रित रोटी एकमेकांशी मोडून वाटून घ्यायची आणि वर्षभराची क्षमा मागायची. आणि मेजावर एक पान रिकामे ठेवायचे, अनपेक्षित पाहुण्यासाठी. पोलंडात या पानाचा अर्थ आतिथ्य एवढाच असेल. ज्या खोलीत नवऱ्याची वा मुलाची चार वर्षांत वार्ता नव्हती, तेथे त्या रिकाम्या पानाकडे पाहणे किती अवघड गेले असेल याची कल्पना आपली आपणच करावी.

छावणीतल्या पुष्कळ मुलांचे वडील आणि थोरले भाऊ आंडर्स यांच्या दुसऱ्या पोलिश कोअरमध्ये होते. १८ मे १९४४ रोजी पोलिश तुकड्यांनी इटलीतील मोन्ते कॅसिनोच्या उद्ध्वस्त मठावर आपला झेंडा लावला. येथे एक गोष्ट मराठी वाचकाने जाणून घेण्याजोगी आहे. त्याच इटलीत आपले मराठेही लढत होते. रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारातून जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदीपार आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या सेनिओवर आठव्या भारतीय डिव्हिजनमधील मराठा पलटण त्या संध्याकाळी पुढे सरली, त्याच नदीवर त्याच मोहिमेत पोलिश कोअरचाही हल्ला सुरू झाला होता. म्हणजे वळिवड्यात शेगडी पेटवणाऱ्या बाईचा नवरा आणि संगमनेरकडच्या एका आईचा मुलगा, एका अरुंद नदीच्या काठी, एका सेनापतीच्या हुकुमाखाली, एकाच रात्री झुंजत होते. दोन्ही घरांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते.

२१ एप्रिलला पोलिश सैनिक बोलोन्यात शिरले. २ मे रोजी इटलीतील युद्ध थांबले. आठवड्याभरात जर्मनीची शरणागती आली. मे महिन्याच्या त्या संध्याकाळी वळिवड्यात नेहमीप्रमाणे मरियेची प्रार्थना चालूच होती. पण त्या माणसांच्या पुढील आठवणी वाचल्या म्हणजे ध्यानात येते की जगभर रस्त्यांवर जो आनंद उसळला, तो या छावणीत तसा उसळला नाही. कारण निकाल आधीच लागला होता. १९४५ च्या फेब्रुवारीत क्रिमियातील याल्टा येथे चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांची बैठक झाली, आणि पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे राहावा असे ठरले. त्या बैठकीला पोलंडचा प्रतिनिधी नव्हता. वळिवड्यातील बहुतेक लोक त्याच पूर्व भागातले. त्यांची गावे, शेते, चर्चे, आईबापांची थडगी, सारे आता परक्या देशात गेले होते. त्यांच्या बाजूने लढलेली राष्ट्रे जिंकली होती, त्यांचे सैन्य जिंकले होते, आणि जिंकून झाल्यावर घराचा पत्ताच नकाशावरून नाहीसा झाला होता.

५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांनी लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली व वॉर्सातील, मॉस्कोच्या मर्जीतले सरकार मान्य केले. छावणीचा खर्च ज्या सरकारकडून येत होता ते सरकारच कागदोपत्री उरले नाही. मुंबईतील त्यांच्या कॉन्सलचा अधिकार संपला. पुढे छावण्यांची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थांकडे गेली आणि प्रत्येक कुटुंबासमोर प्रश्न ठेवला गेला: परत जाणार काय? काही गेले; ज्यांचे कोणी तिकडे जिवंत होते ते मुख्यतः गेले. बहुसंख्यांनी नकार दिला. ज्या राजवटीने त्यांना गुरांच्या डब्यात घातले होते तिच्याच छायेत स्वतःहून जाऊन उभे राहावे, हे त्यांना पटले नाही. ८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयाचे भव्य संचलन झाले. भारतीय सैनिक त्यात होते. मोन्ते कॅसिनो जिंकणारे पोलिश सैन्य नव्हते.

याल्टाचा दोष कोणाच्या माथी मारावा, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि अजूनही लिहिले जाते. लाल सैन्य पोलंडच्या भूमीवर आधीच उभे होते, तेव्हा चर्चिल-रूझवेल्ट यांच्या हाती फारसे उरले नव्हते, असे काही इतिहासकार म्हणतात. ते खरेही असेल. तथापि जे हाती नव्हते ते देण्याचे वचन आधी का दिले, हा प्रश्न त्याने सुटत नाही. मला तर वाटते, वळिवड्याच्या स्त्रियांनी या प्रश्नाचा निकाल इतिहासकारांपेक्षा लवकर लावला होता. त्यांनी कोणाच्याही आश्वासनावर विसंबणे सोडले आणि मुलांची शाळा एकही दिवस बंद पडू दिली नाही.

आता त्या थांबलेल्या पत्रांकडे वळू. १३ एप्रिल १९४३ रोजी, वळिवड्याची छावणी भरू लागण्याच्या थोडे आधी, जर्मन रेडिओने जाहीर केले की रशियात स्मोलेन्स्कजवळ कातीनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांचे मृतदेह पुरलेले सापडले आहेत. सोव्हिएत सरकारने हे कृत्य जर्मनांचेच म्हणून सांगितले आणि पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे चौकशीची मागणी केली म्हणून त्याच्याशी संबंध तोडले. छावणीत अशा स्त्रिया होत्या की ज्यांना १९४० च्या वसंतानंतर एक ओळही आली नव्हती. त्या विधवा होत्या की नव्हत्या? काळा पोशाख करावा की करू नये? मिस्सा मृतासाठी अर्पावी की सुखरूप परतण्यासाठी? युद्ध संपले तरी या प्रश्नांची उत्तरे कोणी देईना, कारण ज्यांना उत्तर ठाऊक होते ते विजेत्यांच्या रांगेत बसले होते. १३ एप्रिल १९९० रोजी, म्हणजे पन्नास वर्षांनी, सोव्हिएत सरकारने ही हत्या आपल्या गुप्त पोलिसांनी केल्याचे प्रथमच मान्य केले. १९९२ मध्ये मॉस्कोने स्टालिन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या सह्यांचा मूळ हुकूम प्रसिद्ध केला. सुमारे बावीस हजार माणसे त्या वसंतात मारली गेली होती. वळिवड्यातली कित्येक घरे अशी की त्यांचे युद्ध १९४५ मध्ये संपले नाही. ते १९९० मध्ये संपले, आणि तोवर ज्यांनी वाट पाहिली होती त्यांतल्या बहुतेकजणी वारल्या होत्या.

हे सारे आपल्याला कळते ते या माणसांनी लिहून ठेवले म्हणून. युद्ध चालू असतानाच मध्यपूर्वेतील पोलिश शाळांत मुलांकडून रशियातील दिवसांवर निबंध लिहून घेण्यात आले. ते निबंध आज अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हूवर संस्थेत आहेत. त्यांतले काही निवडून १९८१ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाले. दहा-बारा वर्षांच्या पोराने, शुद्धलेखनाच्या चुका करीत, कोणत्या स्टेशनवर आजी मेली हे जसे लिहावे तसे लिहिलेले ते कागद आहेत. पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या भारतातील पोलिश लोकांनी आपली संघटना काढली, घरोघरच्या पेट्यांतील वह्या, पत्रे, शाळेची प्रगतिपुस्तके, छायाचित्रे गोळा केली आणि १९४२ ते १९४८ या काळाचा एक मोठा ग्रंथ २००० साली लंडनमध्ये पोलिश भाषेत छापला. नंतर त्याचे इंग्रजी रूपही आले. ग्रंथाचे संपादक आणि लेखक हे स्वतःच छावणीतली मुले. इतिहासकाराची वाट पाहत बसण्यापेक्षा त्यांनी हे काम स्वतःच्या अंगावर घेतले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे असे काही घडले नाही काय? अगदीच नाही असे नाही. मंगळूरजवळच्या किन्निगोळीचे जॉन बॅप्टिस्ट क्रास्टा हे भारतीय सैन्यात कारकून होते. आपल्यासारखेच एका कॅथलिक घरातले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले तेव्हा ते जपानच्या कैदेत गेले. आझाद हिंद सेनेत न गेलेल्या हजारो भारतीय कैद्यांना जपानी सैन्याने न्यू गिनी आणि न्यू ब्रिटन या बेटांवर मजूर म्हणून नेले. क्रास्टा हे न्यू ब्रिटनच्या राबाऊल भागात होते. भूक, मारहाण, मलेरिया आणि दोस्तांच्याच विमानांचे बॉम्ब यांतून जे उरले त्यांची सुटका १९४५ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियन सैन्याने केली. गावी परतल्यावर क्रास्टा यांनी आपली हकीकत लिहून काढली, आणि ती पन्नास वर्षे घरातच पडून राहिली. अखेर त्यांचे पुत्र, लेखक रिचर्ड क्रास्टा यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, वडील हयात असतानाच, ती इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. म्हाताऱ्या माणसाला आपले तरुणपण छापील अक्षरांत पाहायला मिळाले. नेताजींच्या सेनेत गेलेल्यांचा गौरव आपण मनापासून केला आणि करावाच. परंतु जे घेतलेल्या शपथेशी बांधून राहिले आणि त्यापायी बेटांवर कुजले, त्यांचे काय, हा प्रश्न त्या पुस्तकामुळे पुढे आला. मुलाने बापाची वही उघडली नसती तर तोही विचारला गेला नसता.

वळिवड्याच्या छावणीचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख संपवतो. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाली आणि तेथील उरलेली मुले वळिवड्यास आली. आपल्या देशाला १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा स्वतःचे स्वातंत्र्य गमावलेले हे लोक अजून कोल्हापुरातच होते. ज्यांचे पुरुष आंडर्सच्या सैन्यातून ब्रिटनमध्ये स्थायिक होत होते ती कुटुंबे तिकडे गेली. बाकीची पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत पांगली. एकदोघींनी येथल्या तरुणांशी लग्ने करून कोल्हापूर हेच आपले गाव केले. किरा बानासिन्स्का याही भारतातच राहिल्या. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

ती फार दिवस रिकामी राहिली नाही. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना सरकारने त्याच बराकींत आणून वसवले. सीमारेषेने घर गिळलेली एक वस्ती उठली आणि सीमारेषेने घर गिळलेली दुसरी वस्ती त्याच ओट्यांवर येऊन बसली. ते आजचे गांधीनगर. कापडाच्या घाऊक बाजारासाठी ते प्रसिद्ध आहे आणि खरेदीला येणाऱ्या गिऱ्हाइकांतल्या फारच थोड्यांना पूर्वी येथे कोणती भाषा बोलली जात होती हे माहीत असते. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी कृतज्ञतेचा स्मृतिस्तंभ उभारला. ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची थडगी आहेत. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

२०१९ च्या सप्टेंबरात वळिवडे येथे आणखी एका स्तंभाचे अनावरण झाले. त्या वेळी लहानपणी या छावणीत वाढलेले काही पोलिश वृद्ध मुद्दाम आले होते. सत्तर वर्षांहून अधिक काळाने ते त्या जागी उभे राहिले. बराकी आता जवळजवळ राहिलेल्या नाहीत, पण रेल्वेचे स्टेशन त्याच जागी आहे आणि त्याचे नावही तेच आहे.